सत्त्याण्णव टक्के लुओकाकू

कल्पना करा, तुमचं वय छप्पन्न आहे. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत. अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये नोव्हेंबर चालू आहे, म्हणजे पाऊस धड पडतही नाहीये आणि थांबतही नाहीये. ऑफिसच्या पार्किंग लॉटच्या टोकाला एक फरचं झाड आहे, त्याच्यासमोर तुम्ही छत्री धरून उभे आहात. दुसऱ्या हातात वही. आता ‘ऑबफस्केट’ हा शब्द त्या झाडाला मोठ्यांदा बारा वेळा ऐकवा. अर्थ, साधी गोष्ट मुद्दाम गोंधळाची करून सांगणं. अर्थ आधी तुमच्या भाषेत म्हणा, मग इंग्रजीत, मग एक वाक्य तयार करा. वाक्य नवं हवं. कालचं चालणार नाही, कारण काल तुम्ही वाक्य पाठ केलंत, शब्द तसाच राहिला. झालं? आता पुढचा शब्द. असे रोज वीस. मग आठ वाजता दारावर कार्ड दाखवून आत जायचं आणि दिवसभर फ्रिजांची तापमानं बघायची.

हे अकरा वर्षं करा. शनिवार-रविवारी सुट्टी नाही. शनिवार-रविवारी घरामागचं झाड.

लुओ सूयुन हे असं करतात हे मला सिक्युरिटी गार्डकडून कळलं. मला या कंपनीत लागून तीनच दिवस झाले होते. मी गाडी लावत होते तेव्हा गार्ड काचेवर टकटक करून म्हणाला, “ती तुझ्या टीमची ना? झाडाशी भांडतेय. कुणाला बोलावू का?” मी तिला ओळखतही नव्हते. पण गार्डच्या मते आशियातल्या सगळ्या बायका एकाच टीममध्ये असाव्यात. नवी नोकरी, नकार कसा द्यायचा, म्हणून गेले.

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. “दोन मिनिटं,” म्हणाल्या, “अजून तीन शब्द आहेत.”

तीन शब्द संपल्यावर त्यांनी वही मिटली आणि मला सगळं नीट समजावलं. चीनच्या मधल्या भागात बाओजी नावाचं कारखान्यांचं शहर आहे, तिथल्या कॉलेजात त्या शिकल्या. पहाटे सहाला सगळी मुलं मैदानावर यायची आणि आपापलं इंग्रजी मोठ्यांदा वाचायची. तीनशे मुलं, तीनशे आवाज. एकमेकांकडे बघितलं की हसू यायचं, म्हणून प्रत्येकाने एक झाड धरायचं. चांगली झाडं सीनियर मुलांची. लुओबाईंना पहिल्या वर्षी दिव्याचा खांब मिळाला.

“खांबासमोर पाठ केलेले शब्द मला अजून नीट येत नाहीत,” त्या म्हणाल्या. विनोद म्हणून म्हणाल्या असं मला वाटलं. नव्हता.

आमची कंपनी रक्तातल्या पेशींपासून औषधं बनवते. ती थंड ठेवावी लागतात, त्यांच्या तपासणीची रसायनंही थंड ठेवावी लागतात. फ्रिजांच्या सेन्सरचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. तापमान आठ अंशांच्या वर गेलं की ते बोंबलतं. का बोंबललं ते शोधून रिपोर्ट लिहायचा, हे काम लुओबाईंचं. म्हणजे मी आरडाओरडा करणार आणि त्या निस्तरणार, अशी आमची जोडी जमली.

ऑफिसात आम्ही पाच-सहा मराठी माणसं. महिन्याभरात आमच्यात त्यांचं ‘लुओकाकू’ झालं. काकू म्हणजे काय, त्यांनी विचारलं. वडिलांच्या भावाची बायको, मी सांगितलं.

“मोठ्या भावाची की धाकट्या?”

“कुठल्याही.”

त्यांची थोडी निराशा झाली. चिनी भाषेत दोघींना वेगळे शब्द आहेत. “तरी इंग्रजीपेक्षा बरं,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत आत्या, मामी, मावशी, काकू सगळ्या एकाच शब्दात कोंबतात. आणि बडबड्या माणसाला मात्र गॅरुलस, लोक्वेशस, गॅबी, चॅटी असे चार शब्द. घरात यांना बायका कमी आणि बडबडे जास्त असावेत.” मला त्या ‘श्याओ चै’ म्हणायला लागल्या, म्हणजे छोटी चै. चैत्राली पूर्ण म्हणायला वेळ लागतो, तेवढ्यात अर्धा शब्द पाठ होतो.

त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं. तिला त्या चुकांची वही म्हणतात. चीनमधल्या शाळेत प्रत्येक मुलाकडे अशी वही असते. बरोबर आलेलं त्यात लिहायचंच नाही, फक्त चुकलेलं. शब्द चुकला की लाल शाईने वहीत, शेजारी तारीख. मग तो दुसऱ्या दिवशी विचारायचा, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने. लागोपाठ सात वेळा बरोबर आला की त्याची सुटका. सुटका झालेल्या शब्दावर त्या शिक्का मारत. शिक्का ऑफिसच्या मालखोलीतून पळवलेला होता आणि त्यावर ‘रिसीव्ह्ड’ असं लिहिलेलं होतं. अशा चौदा वह्या.

शब्द घेतले होते इंग्रजीच्या परीक्षेच्या जाड पुस्तकातून, आणि तेही पहिल्या पानापासून क्रमाने. त्यामुळे काकूंचं इंग्रजी ए पासून सुरू होऊन दर वर्षी एखाद-दोन अक्षरं पुढे सरकायचं. मला भेटल्या तेव्हा त्या पी मध्ये होत्या. गाठ पडेल त्या गोष्टीला त्या वर्षी पी ची विशेषणं मिळाली. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मेहनतीबद्दल सगळ्यांना पिझ्झा खिलवला, तेव्हा काकूंनी त्यांना तोंडावर सांगितलं की हे फार ‘पर्फंक्टरी’ आहे, म्हणजे उरकून टाकल्यासारखं. साहेबांना शब्द माहीत नव्हता. ते थँक यू म्हणाले. एकदा नऊ वर्षं काम करून एक जण कंपनी सोडून चालला होता. त्याच्या कार्डावर सगळ्यांनी गुड लक लिहिलं. काकूंनी लिहिलं, “तुमचं इथलं वास्तव्य एफिमेरल होतं.” एफिमेरल म्हणजे एका दिवसात मरणाऱ्या किड्याइतकं. त्यांना सुंदर शब्द वापरायचा होता, एवढंच.

आणि तरीही दर डिसेंबरला त्यांच्या रिव्ह्यूमध्ये तीच एक ओळ यायची, ‘संवादकौशल्यात सुधारणा हवी.’ किती, कुठे, कशी, काही नाही. आयुष्यभर परीक्षा दिलेल्या माणसाला ही ओळ कशी लागते ते मला माहीत आहे. निकालावर नुसतं नापास लिहायचं आणि विषय सांगायचा नाही. त्यांच्या टीमच्या लीडची जागा आतापर्यंत दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा ती अशा मुलांना मिळाली ज्यांना थर्मामीटर कसा धरायचा ते काकूंनी शिकवलं होतं. या ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा निघाली.

“आता चौथी निघेपर्यंत मी रिटायर,” काकू म्हणाल्या. “या वेळी नाही तर नाहीच.”

अर्जासोबत स्वतः लिहिलेला एक रिपोर्ट जोडायचा होता. संवादकौशल्याचा पुरावाच म्हणा. काकूंनी जुलैमधली घटना निवडली. बुधवार, नऊ जुलै, कॉरिडॉरमधला रसायनांचा फ्रिज चाळीस मिनिटं अकरा अंशांवर होता. कारण साधं होतं. आत कुणीतरी केकचा डबा ठेवला होता, तो आडवा आल्यामुळे दार नीट लागलं नव्हतं. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत ‘खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत’ असं लिहिलेलं आहे. रसायनांच्या चार बाटल्या फेकाव्या लागल्या. जुना रिपोर्ट दोन ओळींचा होता आणि केक कुणाचा ते त्यात नव्हतं. आता तो चारशे शब्दांचा करायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी बसायचो. अमेरिकेत यायच्या परीक्षेसाठी मीही पुण्यात हॉस्टेलमध्ये तसलंच जाड पुस्तक पाठ केलं होतं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ते डोक्यातून निघून गेलं, पण कुठल्या शब्दाला मार्क मिळतात हे विसरले नव्हते. “इथे काटेकोरसाठी मेटिक्युलस टाका,” मी म्हणायचे. “इथे गुंतागुंतीसाठी इंट्रिकेट.” काकू टाकायच्या. आम्ही दोघी असं धरूनच चाललो होतो की वाचणारा माणूस हातात लाल पेन घेऊन बसला आहे आणि अवघड शब्द दिसला की अर्धा मार्क देतो. शेवटी पहिलं वाक्य जे तयार झालं त्याचं मराठी साधारण असं होईल: ‘प्रस्तुत शीतकपाटाच्या द्वारसंवरणप्रक्रियेत अनिर्धारित उगमाच्या बाह्य वस्तूमुळे अल्पकालीन तथापि दखलपात्र व्यत्यय उद्भवला.’

“पण केक होता कुणाचा?” मी विचारलं.

“अनिर्धारित,” काकू म्हणाल्या. “चांगला शब्द आहे.”

पुढच्या सोमवारी सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. “श्याओ चै,” त्या हळूच म्हणाल्या, “सत्त्याण्णव.”

अर्जाच्या वेबसाइटवर त्यांच्या रिपोर्टपुढे लिहिलं होतं: स्कोअर ९७.

मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी ते अर्ध्यातच थांबवलं. “तीन कुठे गेले?”

हा प्रश्न मला इतका रास्त वाटला की मी खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि आम्ही रिपोर्ट ओळीओळीने तपासायला लागलो. मला एक स्वल्पविराम संशयास्पद वाटला. काकूंना वाटलं, ‘तथापि’ दोनदा आलंय त्याचे दोन कापले असणार. दोन देशांत, दोन वेगवेगळ्या बोर्डांनी घडवलेल्या दोन बायका अर्धा तास तीन मार्क शोधत बसल्या होत्या. तेवढ्यात अनिका आली.

अनिका आमची मॅनेजर. चौतीस वर्षांची, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत जन्मलेली आणि वाढलेली. आईवडील मराठी, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने स्क्रीनकडे बघितलं, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

“ओ नो,” ती म्हणाली. “तुम्हाला ते मार्क वाटले.”

ते मार्क नव्हते. लिखाण मशीनने केलेलं असण्याची शक्यता किती, ते सॉफ्टवेअर मोजतं, तो आकडा होता. ऐंशीच्या वर गेला की अर्ज आपोआप बाद. शुक्रवारपर्यंत तक्रार करता येत होती.

काकूंनी रिपोर्टची पहिली ओळ परत वाचली. मग म्हणाल्या, “मशीन हे शब्द कुठून शिकलं?”

“पुस्तकांतून, मला वाटतं,” अनिका म्हणाली. “जगात जे काही लिहिलंय त्यातून.”

“मीही,” काकू म्हणाल्या.

अनिकाला फार वाईट वाटत होतं. ती म्हणाली, मेटिक्युलस वगैरे शब्द आजकाल दिसले की लोकांना लगेच मशीनच आठवतं. मी खाली बघितलं. मेटिक्युलस माझा होता.

शुक्रवारी काकू चाकांची बॅग ओढत आल्या. विमानात वर ठेवतात तसली. त्यांनी ती मीटिंग रूममध्ये उघडली आणि चौदा वह्या टेबलावर रचल्या. मी साक्षीदार म्हणून बसले होते. समोर अनिका, आणि स्क्रीनवर दुसऱ्या ऑफिसातला एचआरचा माणूस, ज्याच्या मागे खोटा समुद्र लावलेला होता.

“वह्या छान आहेत,” समुद्र म्हणाला. “पण रिपोर्ट तुम्हीच लिहिला हे त्यावरून सिद्ध होत नाही.”

“विचारा,” काकू म्हणाल्या.

“काय विचारू?”

“कुठलाही शब्द. कुठलंही पान.”

अनिकाने अवघडून मधलीच एक वही उचलली. “ओब्स्ट्रेपरस.”

“आवरता न येणारा, आरडाओरडा करणारा. बावीस सालच्या मार्चमध्ये चुकला, मेमध्ये परत चुकला. वाक्य: एचआरची मीटिंग अजून ओब्स्ट्रेपरस झालेली नाही.”

मी टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला.

“लॅकोनिक.”

“कमी शब्दांत बोलणारा. एकदाच चुकला. वाक्य: तुमचं सॉफ्टवेअर लॅकोनिक आहे, आकडा सांगतं आणि कारण सांगत नाही.”

असे तीसेक शब्द झाले. वाक्यं प्रत्येक वेळी नवी होती, आणि बरीचशी एचआरवर. मग त्या माणसाने स्वतःच कुठल्यातरी यादीतून विचारलं, “ट्रक्युलंट?”

“तो अजून आला नाही,” काकू म्हणाल्या. “टी पुढच्या महिन्यात. मी एस मध्ये आहे.”

“मशीनला आला असता,” मी म्हणाले. साक्षीदाराने बोलायचं नसतं, पण राहवलं नाही.

समुद्रातला माणूस हसला. शब्द तुमचे आहेत हे मान्य, तो म्हणाला, पण नियम असा की रिपोर्ट परत लिहायचा. आत्ता, हाताने, वीस मिनिटांत. “आणि प्लीज, साधं लिहा. सहावीतल्या मुलाला कळेल असं.”

इतका वेळ ताठ बसलेल्या काकू पहिल्यांदा घाबरल्या. चौदा वह्यांत सहावीतल्या मुलाला कळेल असा एकही शब्द नव्हता. त्यांनी पेन घेतलं, ठेवलं, परत घेतलं. लिहिलं, खोडलं. अठराव्या मिनिटाला कागद अनिकापुढे सरकवला.

कॅमेऱ्यात हस्ताक्षर दिसत नव्हतं. म्हणून अनिकानेच तो मोठ्यांदा वाचला.

“नऊ जुलैला फ्रिजचं दार बंद झालं नाही. आत केकचा डबा होता. फ्रिजवर लिहिलं आहे की खायचं ठेवू नका. केक अनिकाचा होता.”

ती थांबली. स्क्रीनवरचा माणूस म्हणाला, “पुढे?”

“त्या दिवशी माझा वाढदिवस होता,” अनिका वाचत राहिली, आवाज जरा खाली गेला होता. “इथे अकरा वर्षांत माझ्यासाठी आलेला तो पहिला केक होता. कुणी बघू नये म्हणून तिने त्या फ्रिजमध्ये ठेवला. मी दोन तुकडे खाल्ले. केक चांगला होता. चार बाटल्या फेकाव्या लागल्या. पुढच्या वेळी केक स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवावा.”

मी जुलैत तो केक खाल्ला होता. फ्रिज का बोंबलला तेही मला माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचं काम मी चार महिने केलं नव्हतं, आणि मला कंपनी विश्लेषणासाठी पगार देते.

अनिका कागदाकडे बघत होती. दोन वर्षांत मी तिच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. “काकू,” ती म्हणाली, “आधी का नाही सांगितलंत?”

काकूंना त्यातलं फक्त ‘काकू’ कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी इंग्रजीत सांगितलं.

“सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “‘अनिर्धारित’ त्यासाठीच घातला. तुझं नाव त्याच्या आत होतं. साधं लिहायला सांगितलं तर ते लपवून ठेवायला जागाच उरली नाही.”

“हा पहिल्यापेक्षा चांगला रिपोर्ट आहे,” स्क्रीनवरचा माणूस म्हणाला. खोलीत जे चाललं होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं दिसलं नाही, आणि ते बरंच झालं.

अनिकाने पेन मागून घेतलं आणि कागदाच्या खाली लिहिलं, ‘बरोबर आहे. केक माझा होता.’ सही केली. तो कागद तसाच वर गेला. अनिकाला फ्रिज वापरण्याच्या नियमांचं दोन तासांचं ट्रेनिंग परत घ्यावं लागलं. त्यातल्या परीक्षेचे सगळे प्रश्न काकूंनी बनवलेले आहेत, हे तिला तिथे गेल्यावर कळलं. तिला बहात्तर मिळाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकूंना लीडची जागा मिळाली, आधी सहा महिने करून बघायची म्हणून. रिव्ह्यूही आला. संवादकौशल्यापुढे या वर्षी नवी ओळ होती: ‘स्पष्ट. कधीकधी जरा जास्तच.’ काकूंनी तिचा फोटो काढून आपल्या मुलाला पाठवला. मग मला विचारलं की यातला ‘जास्तच’ हा मार्क वाढवणारा आहे की कमी करणारा. मी म्हणाले, वाढवणारा. मला खात्री नाही.

मला वाटलं होतं की आता झाड सुटेल. साधं लिहूनच जर जागा मिळाली, तर ट्रक्युलंट कशाला पाठ करायचा? काल सकाळी मी गाडी लावली तर त्या तिथेच, छत्री, वही. गार्ड आता त्यांना हात करतो.

“अजून?” मी म्हणाले.

“एस संपला,” काकू म्हणाल्या. “मग टी येतो.” हे मला कळायला हवं होतं अशा आवाजात.

वही पंधरावी होती. पहिल्याच पानावर तो जुना चारशे शब्दांचा रिपोर्ट चिकटवलेला, सगळीकडे लाल खुणा. शिक्का नव्हता. त्यांचं एचआरला विचारून झालं होतं, सॉफ्टवेअरवाल्यांनाही लिहून झालं होतं. उत्तर आलं की आतली पद्धत गोपनीय आहे. लीड झाल्या तरी त्यांची तक्रार तिथेच होती. सत्त्याण्णव टक्के मशीनचं, ठीक. मग उरलेले तीन टक्के मशीनला माणसाचे वाटले असणार.

“तुमचं नाव आणि तारीख असेल,” मी म्हणाले. मला आत जायचं होतं, बूट भिजत होते.

“मोजलं,” त्या म्हणाल्या. “चारशेचे तीन टक्के म्हणजे बारा शब्द. नावाचे दोन, तारखेचे तीन. पाच झाले.” त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली, म्हणजे मला जाता येईना. वही माझ्यापुढे केली. “श्याओ चै, तू सॉफ्टवेअर लिहितेस. तू सांग. ते बाकीचे सात कुठले?”